पासवर्ड बरोबर, कोडही बरोबर, तरी दर सोमवारी लॉगिन अडतं

आधी लक्षणं सांगतो. सोमवारी सकाळी डेस्कटॉप सुरू केला की त्यावरच्या ऑथेंटिकेटर ऍपचा सहा आकडी कोड चालत नसे. पासवर्ड स्वीकारला जायचा, कोडपाशी गाडी अडायची. चार-पाच वेळा कोड नाकारला गेला की खातं थोड्या वेळासाठी बंद. मग 'पासवर्ड विसरलात?' वर जायचं, नवा पासवर्ड ठेवायचा, खातं सुटायची वाट बघायची, आणि पुन्हा प्रयत्न केला की दार उघडायचं. मंगळवार ते शनिवार काही तक्रार नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

जवळजवळ तीन महिने मी पासवर्ड बदलत राहिलो. दोष पासवर्डचा नव्हताच, पण तो बदलून तासभर थांबलं की काम व्हायचं, त्यामुळे औषध लागू पडतंय असं वाटायचं. खरं तर त्या तासाभरात दुसरंच काहीतरी दुरुस्त होत होतं.

मग दुखणं वाढलं. एका सोमवारी ब्राउझरनेच हात वर केले. 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असं लाल पान, एका साइटवर नाही, बहुतेक सगळ्यांवर. आणि या वेळी दुपार उलटली तरी बरं होईना. वैतागून डाउनलोड केलेली एक फाइल शोधत होतो, तर तिची तारीख आठ वर्षं जुनी. संगणकाचं घड्याळ गंडलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातली पट्टी मी जागा वाचवायला लपवून ठेवली होती आणि वेळ बघायची सवय फोनवर, त्यामुळे हे तीन महिने डोळ्यांसमोर असूनही दिसलं नाही.

आता घड्याळाचा आणि लॉगिनचा संबंध काय, हे जरा नीट बघू. ते एकदा कळलं की यातल्या निम्म्या अडचणी नुसत्या त्रुटीच्या संदेशावरून ओळखता येतात.

नेमकं कुठलं कुलूप अडलंय?

लॉगिन करताना तीन वेगळी कामं होतात आणि आपण तिन्हींना मिळून 'सिक्युरिटी' म्हणून मोकळे होतो. पहिलं, समोरची साइट खरोखर तीच आहे का, हे तुमचा ब्राउझर तपासतो. दुसरं, तुमच्यात आणि तिच्यात जे बोलणं होईल ते वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्ट केलं जातं. तिसरं, तुम्ही खरोखर तुम्हीच आहात का, हे साइट तपासते. म्हणजे ओळखपरेड दोन वेळा, दोन दिशांनी. आणि एन्क्रिप्शन एकदा.

'कनेक्शन खासगी नाही' वाचून वाटतं की एन्क्रिप्शन बिघडलं. बहुतेक वेळा तसं नसतं. दोन अनोळखी यंत्रांनी उघड्यावर बोलून एक गुप्त किल्ली ठरवायची युक्ती डिफी आणि हेलमन या संशोधकांनी १९७६ मध्येच मांडली, आणि तिच्याच पुढच्या आवृत्त्या आज टीएलएसमध्ये, म्हणजे वेबवरचं बोलणं सुरक्षित ठेवणाऱ्या पद्धतीत, चालतात. किल्ली ठरते, एईएससारख्या पद्धतीने मजकूर कुलूपबंदही होऊ शकतो. पण ही युक्ती एक गोष्ट सांगत नाही : किल्ली ठरवली ती नक्की कुणाबरोबर? मध्ये बसलेल्या चोराबरोबरही तितकीच मजबूत किल्ली ठरू शकते. म्हणून साइट सर्टिफिकेट, म्हणजे विश्वासू संस्थेने दिलेलं ओळखपत्र, दाखवते आणि ब्राउझर ते तपासतो. लाल पान येतं ते या तपासणीत. 'तरीही पुढे जा' दाबून तुम्ही पासवर्ड टाकलात तर तो एन्क्रिप्ट होऊनच जातो. कुणाकडे जातो, याची हमी मात्र कुणी देत नाही. मी दोनदा ते बटण दाबलं होतं, हे इथे कबूल करून टाकतो.

सहा आकडी कोड येतो कुठून

ऑथेंटिकेटर ऍप जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त संख्या असते. ती त्या क्षणी तुमच्या ऍपकडे आणि सर्व्हरकडे, दोघांकडे राहते. पुढे कोड 'येत' नाही, तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे तयार होतो. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, किती सेकंद झाले ते मोजायचं, त्याला ३० ने भागायचं, येणारी पूर्ण संख्या आणि ती गुप्त संख्या मिळून एका गणिती घुसळणीतून काढायची आणि शेवटी सहा आकडे ठेवायचे. २०११ साली ही पद्धत आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदली गेली. तिचं नाव टीओटीपी. फोनला नेटवर्क नसलं तरी ऍप कोड दाखवत राहतं ते यामुळेच. ते कुणाला काही विचारतच नाही. त्याला लागतं फक्त घड्याळ.

मग घड्याळ तीन मिनिटं मागे असेल तर? तीन मिनिटं म्हणजे सहा पायऱ्या. तुमचं ऍप सहा पायऱ्या जुना कोड दाखवतंय, दिमाखात, उलटमोजणीच्या वर्तुळासकट. ऍपच्या दृष्टीने कोड अचूक आहे, सर्व्हरच्या दृष्टीने शिळा. टाकायला लागणारा वेळ आणि नेटवर्कची दिरंगाई धरून सर्व्हरने एखाद-दुसरी पायरी चालवून घ्यावी अशी सोय असते. आरएफसीची शिफारस तर जास्तीत जास्त एकाच पायरीची आहे. म्हणजे मिनिटभराच्या फरकातही कोड नाकारला जाऊ शकतो.

इथे एक बारीक गोष्ट, मला स्वतःला आवडणारी. पासवर्ड सर्व्हरकडे मूळ रूपात नसतो, किंवा नसावा. त्याचा बीक्रिप्ट, आर्गॉन२ अशा पद्धतीने काढलेला हॅश ठेवतात. हॅश म्हणजे एन्क्रिप्शन नव्हे. त्याला उलटी किल्ली नाही, त्यातून पासवर्ड परत निघत नाही. टीओटीपीच्या गुप्त संख्येचं तसं करता येत नाही. सर्व्हरला दर वेळी तिच्यावरून कोड काढायचा असतो, म्हणून ती परत मिळेल अशा रूपातच ठेवावी लागते, फार तर एन्क्रिप्ट करून. पासवर्डचा मात्र हॅशच हवा, त्यामुळे जी साइट तुमचा जुना पासवर्ड तुम्हाला ई-मेलने जसाच्या तसा कळवते, तिने मुळातच चूक केलेली असते.

दोन मिनिटांत निदान

तोच क्यूआर कोड तुम्ही फोन आणि संगणक दोन्हीवर स्कॅन करून ठेवला असेल, तर दोन्ही शेजारी धरा. कोड वेगळे दिसले तर घड्याळच दोषी; गुप्त संख्या एक, गणित एक, उरतो तो वेळ. दोन्हीकडे आकडे सारखे असून उलटमोजणी थोडी पुढेमागे असेल, तर फरक काही सेकंदांचा आहे आणि घाबरायचं कारण नाही.

दुसरं उपकरण नसेल तर ज्या घड्याळावर विश्वास आहे त्याच्याशी सेकंदकाटा ताडून बघा. नुसतं तास-मिनिट नको. वर्षही बघा, कारण दिवस-महिना बरोबर आणि वर्ष चुकलेलं, असंही होतं.

घड्याळ किती चुकलंय त्यावर लक्षणं ठरतात, आणि हा तक्ता डोक्यात बसला की उलटा प्रवास करता येतो. मिनिटाच्या आसपासचा फरक असेल तर फक्त कोड नाकारले जातात, बाकी सगळं व्यवस्थित. पाच मिनिटांच्या पुढे गेलं की मोठ्या कार्यालयांत वापरतात ती केर्बेरॉस पद्धतीची लॉगिनही बंद पडतात; तिची नेहमीची मुभा पाच मिनिटांचीच असते. काही तासांच्या फरकाने साइटी बहुधा उघडत राहतात. काही आठवड्यांचा फरक झाला की सर्वांत गोंधळात टाकणारी अवस्था येते : काही साइटी उघडतात, काही नाही.

त्याचं कारण सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात, कधीपासून आणि कधीपर्यंत. घड्याळ तीन आठवडे मागे असेल तर ज्या साइटीने सर्टिफिकेट गेल्या आठवड्यात नवं केलं, ते तुमच्या संगणकाच्या मते 'अजून जन्मलेलंच नाही'. शेजारच्या साइटीचं दोन महिन्यांपूर्वीचं, ते चालतं. त्यामुळे 'एक साइट उघडते म्हणजे माझ्याकडे दोष नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही. आणि हे प्रकार वाढणार आहेत. सप्टेंबर २०२० पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ३९८ दिवसांवर आली. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेची तर आधीपासूनच ९० दिवसांची होती. ठरलेल्या वेळापत्रकानुसार मार्च २०२९ पासून ही कमाल मुदत ४७ दिवस होईल. मुदत जितकी आखूड, तितकी चुकीच्या घड्याळाला कमी सवलत.

काही साइटींवर 'तरीही पुढे जा' हा पर्यायच दिसत नाही, त्याचा अर्थ त्यांचा दोष मोठा आहे असा नाही. त्या साइटींनी एचएसटीएस नावाची सूचना देऊन ठेवलेली असते की शंका आली तर दार उघडूच नका. मला ही सक्ती पटते. चिडचिड झाली तरी.

वेळ बरोबर दिसते, तरी कोड चुकतो

हा यातला सर्वांत फसवा प्रकार, आणि जरा विस्ताराने सांगायला हवा.

संगणक आत यूटीसी वेळ ठेवतो आणि तुम्हाला दाखवताना टाइमझोनप्रमाणे तास मिळवून दाखवतो. समजा टाइमझोन चुकीचा निवडला गेलाय. पडद्यावर वेळ तीन तास मागे दिसते. बहुतेक जण काय करतात? टाइमझोनला हात न लावता तास हाताने पुढे करतात. आता पडद्यावरची वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळते, पण आतली यूटीसी तीन तास पुढे गेली. कोड यूटीसीवरून निघतो. म्हणून डोळ्यांना सगळं बरोबर आणि सर्व्हरला सगळं चूक. याउलट, नुसता टाइमझोन चुकला असेल आणि कुणी वेळेशी खेळलं नसेल, तर वेळ चुकीची दिसूनही कोड चालतो! प्रवासात फोनचा टाइमझोन बदलतो आणि कोडवर काही परिणाम होत नाही, तो याच कारणाने.

म्हणजे आधी टाइमझोन तपासायचा, मग वेळ. क्रम उलटा झाला की घोळ.

याचाच चुलतभाऊ एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना भेटतो. मदरबोर्डवरच्या, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरच्या, घड्याळात विंडोज स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स सहसा यूटीसी. एकातून दुसऱ्यात गेलं की बरोबर टाइमझोनइतक्याच तासांचा फरक दिसतो. फरक असा नेमका, गोल आकड्यात असेल तर त्या घड्याळाच्या सेलवर शंका घेऊ नका. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत पाळायला सांगा.

दर सोमवारीच का?

माझ्याकडे फरक गोल आकड्यात नव्हता. शनिवारी संध्याकाळी निघताना मी भिंतीवरचं बटण बंद करायचो; आठवड्यात एरवी नुसता संगणक बंद करायचो. डेस्कटॉप बंद असला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालतं. ती तुटली की भार येतो मदरबोर्डवरच्या बटण सेलवर, बहुतेक ठिकाणी सीआर २०३२, ३ व्होल्टचा. माझा सेल वर्षानुवर्षांच्या सेवेनंतर थकला होता. आधी रविवारी घड्याळ रेंगाळायचं आणि सोमवारी इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळेपर्यंत कोड चुकायचे. मी पासवर्ड बदलून थांबायचो त्याच तासाभरात ही जुळणी होत असे. पुढे सेल पार बसला आणि घड्याळ थेट मदरबोर्डच्या मूळ तारखेवर जाऊन पडलं.

मग तेव्हा वेळ आपोआप का जुळली नाही? कारण जुळवणारे प्रोग्रॅम मोठ्या फरकाला बिचकतात. कुणी खोटी वेळ सांगून फसवू नये म्हणून ही सावधगिरी. एनटीपीडी हा जुना प्रोग्रॅम, खास सूचना दिलेली नसेल तर, १००० सेकंदांहून जास्त फरक दिसला की दुरुस्ती करायचं सोडून बंदच पडतो. विंडोजही तारीख फार लांब असेल तर जुळवायला नकार देतं. म्हणून आधी तारीख, वर्ष, टाइमझोन आणि अंदाजे वेळ हाताने लावा, आणि त्यानंतर वेळेच्या सेटिंगमध्ये आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू करून एकदा ताबडतोब जुळवून घ्या. ही जुळणी एनटीपी नावाच्या पद्धतीने होते आणि तिला यूडीपी १२३ हे पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं ठरावीक दार, लागतं. ते नेटवर्कवर अडवलेलं असेल तर हे बटण शंभरदा दाबून उपयोग नाही. फोनवर सोपं आहे, तारीख-वेळ 'आपोआप' वर ठेवली की झालं. काही ऑथेंटिकेटर ऍपमध्ये कोडपुरती वेळ दुरुस्त करायची सोय असते. तिने कोड सुटतो, उपकरणाचं घड्याळ मात्र होतं तिथेच राहतं.

घाईच्या वेळी एक आडवाट : यूएसबी सुरक्षा किल्ली किंवा पासकी जोडलेली असेल तर ती वापरा. तिथे सर्व्हर दर वेळी नवा यादृच्छिक प्रश्न पाठवतो आणि किल्ली त्यावर सही करते, घड्याळाचा प्रश्नच येत नाही. अर्थात साइट उघडण्याइतपत तारीख बरोबर हवीच.

घड्याळ ठीक असेल तर

एसएमएस किंवा ई-मेलने येणारा ओटीपी तुमच्या घड्याळावर चालत नाही, तो सर्व्हरच काढतो. तिथे नेहमीची चूक म्हणजे अधीर होऊन तीनदा 'पुन्हा पाठवा' दाबणं. बहुतेक ठिकाणी शेवटचाच कोड चालतो आणि आपण टाकत असतो पहिला.

ऑथेंटिकेटरचा एक कोड एकदाच चालतो. दोन खिडक्यांत एकाच वेळी लॉगिन करत असाल तर दुसरीसाठी पुढच्या कोडची वाट बघा. खातं कधी नव्याने जोडलं असेल तर ऍपमध्ये एकाच नावाच्या दोन नोंदी सापडतील. जुनी नोंद आयुष्यभर आकडे दाखवत राहील, चालणार एकही नाही. कुठली नवी ते पक्कं झाल्याशिवाय पुसू मात्र नका.

कीबोर्ड मराठीवर असेल तर पासवर्डमधला आकडाही देवनागरी पडू शकतो. आपल्याला तो चारच दिसतो, किंबहुना ठिपक्यांमागे काहीच दिसत नाही. संगणकाच्या लेखी देवनागरी चार आणि रोमन चार ही दोन वेगळी चिन्हं आहेत. 'पासवर्ड दाखवा' चा डोळा त्यासाठीच असतो.

लाल पानावर तारखेऐवजी नाव जुळत नसल्याचा किंवा सर्टिफिकेट देणारा अनोळखी असल्याचा उल्लेख असेल तर घड्याळ सोडून द्या. सार्वजनिक वायफायचं स्वतःचं लॉगिन पान मध्ये येत असेल, किंवा उपकरण इतकं जुनं असेल की त्याच्याकडची विश्वासू संस्थांची यादीच कालबाह्य झाली असेल. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक जुनं मूळ सर्टिफिकेट संपलं तेव्हा अनेक जुनी उपकरणं अशी अडली होती, घड्याळं बरोबर असूनही. आणि यांपैकी काहीच नसेल तर खरोखर कुणीतरी मध्ये बसलेलं असू शकतं. तिथे पासवर्ड टाकू नका.

सेल बदलण्याआधी हे वाचा

सेल काढला की मदरबोर्डच्या काही सेटिंग मूळपदावर जाऊ शकतात. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने एन्क्रिप्ट केलेली असेल तर या बदलाने ती बिचकते आणि सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा, संगणकाच्या बाहेर. पासवर्ड विसरला तर तो बदलून देणारं कुणीतरी असतं, कारण तिथे प्रश्न ओळख पटवण्याचा आहे. डिस्कची किल्ली हरवली तर ओळख पटवून काही मिळत नाही. गणिताला ओळखपत्र दाखवता येत नाही.

संगणक बंद करून, वीज काढून, सेल बदला. अक्षर असलेली बाजू वर. माझ्या जुन्या सेलवर मल्टिमीटर २.३ व्होल्ट दाखवत होता. मग दुरुस्ती खरी झाली का ते बघायला भिंतीवरचं बटण रात्रभर बंद ठेवा, आणि सकाळी तारीख डेस्कटॉपवर न बघता सुरुवातीलाच बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, शिरून बघा. डेस्कटॉप येईपर्यंत इंटरनेटवरून वेळ जुळून गेलेली असते आणि मेलेला सेलही जिवंत भासतो.